गरम पाण्यातला थकवा

पोलादाची एक सळई घ्या. थोडी ताणा, थोडी दाबा, पुन्हा ताणा, पुन्हा दाबा. असं करत राहिलं की हजारो फेऱ्यांनंतर कधीतरी तिला तडा जातो. आता तशीच दुसरी सळई २८८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात बुडवून हाच खेळ करा (अर्थातच बंद भांड्यात आणि हवेच्या सत्तरपट दाबाखाली, नाहीतर पाण्याची वाफच होईल). तडा लवकर जाणार हे कुणीही सांगेल. पण खरी मेख पुढे आहे. ही ताणाताण भराभर केलीत तर सळई बऱ्यापैकी तग धरते. तेवढाच ताण अगदी हळुवार, एकेका फेरीला तास-तास लावून दिलात, तर ती त्याच्या दहाव्या हिश्शाच्या फेऱ्यांतच हात टेकते.

म्हणजे धसमुसळेपणा परवडला, पण सावकाश नको!

गेले दोन वीकांत मी या एकाच गोष्टीमागे घालवले. चार वर्षं धातुशास्त्र शिकून जावा लिहिणारी जी मोठी जमात आहे, तिच्यातला मी एक. कॉलेजात 'करोजन फटीग' हा विषय शेवटच्या सत्रात दीड तासात उरकला होता आणि परीक्षेत तो पाच मार्कांच्या टिपेपुरता यायचा. तो इतक्या वर्षांनी पुन्हा उघडायचं कारण मात्र घरचं आहे.

आमचं घर बोईसरला. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या, अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने बांधलेल्या, २८ ऑक्टोबर १९६९ रोजी व्यापारी तत्त्वावर सुरू झाल्या. आमच्याकडे त्या कायम होत्याच, जशी रेल्वेलाइन असते आणि खाडी असते. मी लहान असताना त्यांच्याबद्दल कुणी विशेष बोलायचं नाही. आता प्रत्येकाच्या फोनवर काही ना काही येतं. एका फॉरवर्डमध्ये 'पन्नास वर्षांचा टाइमबाँब', दुसऱ्यात 'सहा-सहा इंच जाड पोलाद आहे, काहीही होत नाही'. मागच्या खेपेला घरी गेलो तेव्हा शेजारच्या काकांनी मला जिन्यातच गाठलं. काका एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त. म्हणाले, "तू मेटलर्जी केलीस ना रे? मग सांग. आपल्या घरचा कुकर दहा वर्षांत जातो. मग ते भांडं कसं टिकतं?"

प्रश्न गमतीचा वाटतो, पण काकांना गंमत करायची नव्हती. त्यांची मुलगी, जावई, दोन नातवंडं सगळी तिथेच राहतात. माझे आईबाबाही तिथेच. 'काही होत नाही हो काका' असं म्हणून मला जिना उतरता आला नाही.

तर आधी साधा थकवा. सेफ्टी पिन किंवा बादलीची कडी आपण सगळ्यांनीच पुढेमागे वाकवून तोडलेली असते, त्यामुळे धातू 'दमतो' हे वेगळं सांगायला नको. जर्मन अभियंता ऑगस्ट व्योलर याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षं प्रयोग करून याचं गणित मांडलं. त्यातला दिलासा देणारा भाग असा, की पोलादाला एक मर्यादा असते. तिच्या खालचा ताण कितीही वेळा द्या, लाख वेळा, कोटी वेळा, तुकडा पडत नाही. यंत्रं बनवणाऱ्यांची निम्मी झोप या मर्यादेच्या जिवावर आहे.

पाण्याने ही मर्यादाच पळवली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत ब्रिटनमध्ये हेग आणि अमेरिकेत मॅकअ‍ॅडम यांच्या प्रयोगांतून दिसलं की गंजवणारं पाणी भोवती असताना धातूला थकवलं, तर 'याच्या खाली कधीच तुटणार नाही' अशी रेघ उरत नाही. ताण कमी केला की तुटायला वेळ जास्त लागतो, इतकंच. आणि आधी गंजवून मग थकवणं वेगळं, गंजता गंजता थकवणं वेगळं. दुसरं फार वाईट. दोघांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. (दोन थ्रेड सुटे चालवले तर दोन्ही शहाणे, एकत्र सोडले की रात्री तीनला फोन येतो. ज्यांना कळलं त्यांना कळलं. :-))

हे का होतं, ते मला खपलीवरून सगळ्यात चांगलं कळलं. उकळत्यापेक्षाही कितीतरी गरम पाण्यात पोलादावर मॅग्नेटाइटचा पातळ काळा थर धरतो. हा थर म्हणजे जखमेवरची खपली. ती आहे तोवर खालचं पोलाद सुरक्षित. आता कोपरावर खपली आहे आणि तुम्ही हात वाकवलात. खपली फाटली, आतलं ओलं उघडं पडलं, थोडं नुकसान झालं, पुन्हा खपली धरली. ताण आला की थर भेगेच्या टोकाशी फाटतो, उघडं पोलाद पाण्यात थोडं विरघळतं, थर पुन्हा जमतो. पुढच्या ताणाला पुन्हा तेच. दर वेळी भेग एक कणभर पुढे.

आता सुरुवातीची मेख सुटते. ताण झटकन दिला तर पाण्याला काम करायला सवडच मिळत नाही. जी काही भेग वाढते ती निव्वळ यांत्रिक. ताण सावकाश वाढत गेला तर खपली सतत फाटत राहते आणि पाण्याला त्या एका फेरीत पोटभर वेळ मिळतो.

यात तिसरा भिडू आहे गंधक. पोलाद बनवताना थोडं गंधक त्यात राहतंच आणि ते मँगनीजशी जोडी करून बारीक बारीक कणांच्या रूपात आत पडून असतं. एरवी निरुपद्रवी. पण भेग अशा कणापर्यंत पोचली की कण पाण्यात विरघळतो आणि भेगेच्या टोकाशी असलेल्या चिमूटभर पाण्यात गंधकाचे क्षार साठतात. त्यांच्यामुळे खपली नीट धरत नाही. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट इथली आहे. बाहेरचं पाणी जोरात वाहत असेल तर ते भेगेतली ही घाण धुऊन नेतं आणि भेगेचा वेग कमी होतो. साचलेलं पाणी वाईट, वाहतं बरं. आपल्याकडे हे कुणाच्याही आजीने सांगितलं असतं, पण प्रयोगशाळांना ते सिद्ध करायला बरीच वर्षं लागली. सारख्याच दिसणाऱ्या प्रयोगांचे आकडे प्रयोगशाळांगणिक वेगळे येत, आणि त्यामागे कुणाच्या पोलादात गंधक किती आणि कुणाच्या यंत्रात पाणी किती वाहतं, ही मोठी कारणं निघाली.

शिवाय हे प्रयोग करणं म्हणजे निव्वळ तपश्चर्या. जपानच्या अणुऊर्जा संशोधन संस्थेतल्या कोंदो आणि सहकाऱ्यांनी १९७१ च्या एका परिषदेत दाखवलं, की रिअ‍ॅक्टरच्या भांड्याचं पोलाद गरम पाण्यात हवेपेक्षा कितीतरी वेगाने चिरतं आणि हा वेग ताणाच्या गतीवर अवलंबून असतो. त्याआधी बराचसा विदा हवेतला होता, कारण हवेत प्रयोग भराभर होतो. इथे आमच्या धंद्यातल्या लोकांचे कान टवकारायला हवेत. आपण सर्व्हरवर लोड टेस्ट करतो ती कशी? दहा हजार हिट्स, दहा मिनिटांत, पास! आणि मग तोच सर्व्हर प्रॉडक्शनमध्ये तीन महिने रमतगमत चालून मेमरी गिळून बसतो. घाईच्या चाचणीत तो दोष दिसणंच शक्य नसतं. पोलादाचं तसंच. घाईने केलेली चाचणी तुम्हाला खोटं सांगत नाही, पण जे विचारायचं होतं ते सोडून भलत्याच प्रश्नाचं उत्तर देते.

माझा कॉलेजातला रूममेट सध्या परदेशात याच विषयात पीएचडी करतोय. ऑटोक्लेव्ह नावाच्या जाडजूड भांड्यात नमुना, भोवती गरम पाणी, बाहेरून यंत्र तो नमुना इतक्या हळू ओढतंय की डोळ्याला काही दिसत नाही. त्याला विचारलं, काम कुठवर आलं? म्हणाला, "अरे, आलेखावरचा एक ठिपका मिळायला दिवाळी ते होळी लागली. मधे एकदा लाइट गेली, तेव्हाचा ठिपका तर बादच झाला." घरच्यांना तो 'चालू आहे' एवढंच सांगतो. त्याच्या वर्गातल्या आम्ही बाकीच्यांनी तेवढ्या काळात दोन-दोन कंपन्या बदलल्या. तरी त्याचा एक ठिपका आमच्या सगळ्या कमिट्सपेक्षा जास्त वर्षं टिकेल, असं मला वाटतं. असो.

आता भट्टीकडे. तारापूरच्या जुन्या भट्ट्या ज्या जातीच्या आहेत, त्या जातीत मुख्य भांड्यातच पाणी उकळतं. भिंत मिश्र पोलादाची, पंधरा सेंटिमीटरच्या आसपास जाड, आणि आतून बहुतेक ठिकाणी स्टेनलेस स्टीलचं काही मिलिमीटरचं अस्तर. अस्तर शाबूत आहे तिथे पाणी मूळ पोलादाला शिवतच नाही, हे फॉरवर्डवाले सांगत नाहीत. पण हे अस्तर सगळीकडे नसतं आणि सगळीकडे टिकतही नाही, हे दुसरे फॉरवर्डवाले सांगत नाहीत.

भांड्याला ताण येतो तो मुख्यतः भट्टी चालू-बंद करताना. थंड भांडं गरम करायचं तर ते एकदम करत नाहीत. नेहमीची मर्यादा ताशी १०० फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ५५ सेल्सिअसची. त्या हिशोबाने २८८ पर्यंत पोचायला पाचेक तास. जाड भिंतीला आतबाहेर फार फरक पडून तडा जाऊ नये म्हणून ही काळजी, आणि ती बरोबरच आहे. पण गंमत बघा, पाण्यातल्या थकव्याला नेमका असाच सावकाश ताण आवडतो. सुदैवाने अशा फेऱ्या फार नसतात. चाळीस वर्षांच्या आयुष्याला साधारण दोनशे वेळा तापवणं-निववणं धरून आराखडे करायची पद्धत होती. वर्षाला पाच. काकांचा कुकर तेवढ्या फेऱ्या दोन-तीन महिन्यांत संपवतो.

तरी भेगा पडल्याच. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या याच जातीच्या अनेक भट्ट्यांमध्ये, जिथून पाणी भांड्यात शिरतं त्या नॉझलच्या आतल्या कडेला भेगा सापडल्या. येणारं पाणी भांड्यातल्या पाण्यापेक्षा बरंच थंड असतं, म्हणून नॉझलमध्ये एक संरक्षक नळी बसवलेली होती. तिच्या बाजूने थोडं थंड पाणी झिरपायचं, गरम पाण्यात मिसळायचं, आणि नॉझलच्या कडेवर गार-गरम-गार-गरम असे भराभर चटके बसायचे. त्या चटक्यांनी अस्तरावर उथळ भेगा सुरू झाल्या. मग भट्टी चालू-बंद होण्याच्या मोठ्या, सावकाश फेऱ्यांनी त्या आत ढकलल्या. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने १९८० साली यावर स्वतंत्र अहवाल काढला. उपाय अगदी फिटरला शोभेलसा: भेगा घासून काढा, तिथलं अस्तर काढून टाका, नळीची बैठक नव्याने अशी बनवा की पाणी झिरपणार नाही. सांगायला सोपं. काम करायचं होतं ते किरणोत्साराच्या जागी, घड्याळ लावून.

पुढे १९८२ साली न्यूयॉर्क राज्यातल्या इंडियन पॉइंट ३ मध्ये वाफ बनवणाऱ्या एका प्रचंड पात्राच्या जाड कवचातून, वेल्डच्या जोडावर, पाणी पाझरताना आढळलं. ते मुख्य भांडं नव्हतं, पण पोलाद त्याच घराण्यातलं, आणि भेग आरपार गेलेली. तिथेही गंज आणि थकवा या जोडगोळीचंच काम. मुख्य भांडं मात्र अशा थकव्याने चालू व्यापारी केंद्रात आजवर कुठेही फुटलेलं नाही. हे वाक्य मी काकांना दोनदा सांगितलं.

आता माझ्या एक्सेल शीटबद्दल. आर्गॉन प्रयोगशाळेने जमवलेल्या विद्यावरून अमेरिकेच्या आयोगाने २००७ साली एक सूत्र छापलं (२०१८ मध्ये ते सुधारलं, पण मला जुनं जास्त सुटसुटीत वाटतं). हवेत जेवढ्या फेऱ्या टिकल्या असत्या त्याला कितीने भागायचं, ते हे सूत्र सांगतं. त्याला चारच गोष्टी लागतात: तापमान, पोलादातलं गंधक, पाण्यातला ऑक्सिजन आणि ताणाची गती. मी या जातीच्या भट्ट्यांचे साधारण आकडे घातले, कुठल्या एका केंद्राचे नव्हेत. तापमान २८८. गंधक ०.०१५ टक्के, जे साठच्या दशकातल्या पोलादात सर्रास असायचं. ऑक्सिजन अब्जात २०० भाग. गती अगदी मंद. उत्तर आलं २०.६. म्हणजे हवेत वीस हजार फेऱ्या टिकणारा तुकडा इथे हजाराच्याही आत गारद.

मग एकेक खुंटी पिरगाळत बसलो. फक्त गती वाढवली, झटक्यात ताण दिला: २.०. फक्त गंधक ०.००५ वर आणलं, जे आजच्या चांगल्या पोलादात सहज मिळतं: ४.४. गंधक पुन्हा जुनंच ठेवून फक्त ऑक्सिजन अब्जात ४० भागांवर आणला: पुन्हा २.०. हे बघून मी चहा ठेवायला उठलो तो गॅस लावायचाच विसरलो. नळाच्या पाण्यात अब्जात सात-आठ हजार भाग ऑक्सिजन असतो. त्याच्या चाळिसाव्या हिश्शावर पोलादाचं आयुष्य विसावर येतं, आणि आणखी थोडा ऑक्सिजन काढला की निम्म्यावर थांबतं.

जुन्या भट्टीचं पोलाद बदलता येत नाही. गंधक १९६० च्या दशकात जे राहिलं ते राहिलं, आणि भांडं तर उचलून दुसरं ठेवण्यातली गोष्टच नाही. गरम करायची गतीही वाढवता येत नाही. उरलं पाणी. भट्टीत किरणोत्सारामुळे पाण्याचे रेणू फुटतात आणि हा ऑक्सिजन तिथल्या तिथेच तयार होतो, तेव्हा बाहेरून कितीही शुद्ध पाणी आणा, उपयोग नाही. म्हणून त्यात हायड्रोजन सोडायचा, म्हणजे तो ऑक्सिजनला गाठून पुन्हा पाणी करतो. स्वीडनच्या ऑस्करसहॅममध्ये १९७९ साली आणि अमेरिकेच्या ड्रेस्डेन-२ मध्ये १९८० च्या दशकात हे करून बघितलं गेलं, मुख्यतः स्टेनलेसच्या पाइपांना जाणाऱ्या तड्यांसाठी. पण फुकट काहीच मिळत नाही. हायड्रोजन वाढवला की पाण्यात तयार होणारा किरणोत्सारी नायट्रोजन वाफेबरोबर जास्त निसटतो आणि टर्बाइनकडची किरणोत्साराची पातळी कितीतरी पट चढते. तो काही सेकंदांत विरतो, पण तोवर तिथे माणसं काम करत असतात. मग १९९० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकने प्लॅटिनमच्या घराण्यातले धातू अत्यल्प प्रमाणात पाण्यात सोडून आतल्या पृष्ठभागांवर बसवायची युक्ती काढली. त्यामुळे थोडक्या हायड्रोजनवर भागतं. सोनाराच्या दुकानातला माल असा पोलादाच्या रांजणात जातो!

तारापूरच्या त्या दोन्ही भट्ट्या २०२० साली मोठ्या दुरुस्तीसाठी बंद करण्यात आल्या होत्या. काकांना मी फोनवर हे सगळं जमेल तसं सांगितलं. 'पन्नास वर्षं' हा आकडा मला फारसा कामाचा वाटत नाही, हेही सांगितलं. वर्षं मोजण्यापेक्षा भट्टी किती वेळा तापली-निवली, पाण्यात ऑक्सिजन किती राहिला, आणि नॉझल व वेल्ड अल्ट्रासाउंडने शेवटचे कधी तपासले, हे विचारलेलं बरं. काका थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्याकडे शटडाउनला बॉयलर इन्स्पेक्टर यायचा, तेव्हा रजिस्टर आधी मागायचा, बॉयलर नंतर बघायचा. तसलं रजिस्टर आपल्याला बघायला मिळतं का रे?"

हा प्रश्न धातुशास्त्राचा नाही. माहितीच्या अधिकाराचा अर्ज कसा लिहितात ते बघतोय, काकांची सही घेऊन टाकणार आहे.

दरम्यान, वरचं सगळं गणित भेग सुरू होण्यापुरतं आहे. सुरू झालेली भेग किती वेगाने पुढे सरकते, त्याचं सूत्र वेगळं, पॉल पॅरिस यांचं. १९६१ साली त्यांचा निबंध तीन नामांकित नियतकालिकांनी परत पाठवला, शेवटी तो वॉशिंग्टन विद्यापीठाच्या एका पत्रिकेत छापून आला, आणि आज जगातली विमानं आणि पूल त्यावर तपासले जातात. त्यातले दोन स्थिरांक गरम पाण्यात कसे हलतात, ते पुढच्या वीकांताला शीटमध्ये घालून बघतो.